फ्रीलान्सरचा लाँग-स्टे व्हिसा: कमाई असते, कागद नसतात

व्हिसाच्या खिडकीवर नोकरदार माणसाचं निम्मं काम एका पत्रात भागतं. कंपनीचं लेटरहेड, एचआरची सही, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, की झालं. फ्रीलान्सरला असं पत्र देणारं कोणी नसतं. रोज ऐरोलीच्या आयटी पार्कात जाणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा त्याची कमाई जास्त असेल, पण ती कुठून येते आणि किती दिवस येत राहणार, हे त्याचं त्यालाच कागदावर मांडून दाखवावं लागतं. माझ्या पाहण्यातले अर्ज पैशापायी कमी आणि या मांडणीपायी जास्त अडले.

आधी हा व्हिसा म्हणजे काय ते बघू. टुरिस्ट व्हिसावर आपण फिरायला जातो, वर्क व्हिसावर तिथल्या मालकाकडे कामाला जातो. रिमोट वर्क व्हिसा, ज्याला डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात, तो या दोन्हींच्या मधला. राहायचं त्या देशात, पण फी यायची बाहेरून. त्या देशाचं गणित सरळ असतं: हा माणूस आमच्या कुणाची नोकरी घेणार नाही, भाडं आणि किराण्याचे पैसे इथे खर्च करेल आणि आजारी पडला तर सरकारी तिजोरीवर त्याचा भार येणार नाही. अर्जात मागितलेला जवळपास प्रत्येक कागद या तिन्हींपैकी कशाची तरी खात्री पटवण्यासाठी असतो.

‘टुरिस्ट व्हिसावर जाऊन लॅपटॉप उघडला तर कोण बघतंय?’ हा प्रश्न हमखास येतो. बघत कोणी नसेलही. पण शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, टुरिस्ट म्हणून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि त्या व्हिसावर रेसिडेन्स परमिट नाही, मुलांची शाळा नाही. महिना-दीड महिन्याची गोष्ट वेगळी, वर्षभराचा विचार असेल तर तो रस्ता सोडा.

देश निवडताना लोक हवामान आणि भाडं बघतात. फ्रीलान्सरने आधी उत्पन्नाची अट बघावी, कारण तिथेच अर्धे देश गळतात. स्पेनने हा व्हिसा २०२२ च्या डिसेंबरमधल्या स्टार्टअप कायद्यातून आणला. तिथली अट किमान वेतनाच्या दुप्पट, म्हणजे २०२५ च्या वेतनावर महिन्याला साधारण २,७६३ युरो. पोर्तुगालचा डी-८ व्हिसा किमान वेतनाच्या चौपट मागतो. २०२५ मध्ये ते ३,४८० युरो होतं. ग्रीस ३,५०० युरो, एस्टोनिया ४,५०० युरो, माल्टा वर्षाला ४२,००० युरो. स्पेन आणि पोर्तुगालचे आकडे किमान वेतनाला बांधलेले असल्यामुळे वेतन वाढलं की तेही सरकतात. अर्ज करायच्या वर्षीचा आकडा वकिलातीच्या साइटवरच बघायचा, जुन्या व्हिडिओत नाही.

आशियात थायलंडचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) जुलै २०२४ मध्ये आला. तो पाच वर्षांचा आहे, दर प्रवेशाला १८० दिवस राहता येतं. तिथे मासिक उत्पन्नापेक्षा खात्यातल्या शिलकीवर भर आहे: पाच लाख बाट, म्हणजे साधारण चौदा लाख रुपये. मलेशियाचा ‘डी रांताऊ’ पास डिजिटल कामवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलरच्या उत्पन्नावर मिळतो. त्यामुळे मधल्या कमाईच्या माणसाला तो सगळ्यात आवाक्यातला. जपानने मार्च २०२४ मध्ये असाच व्हिसा सुरू केला आणि आपल्याकडे त्याच्या बातम्या भरपूर झळकल्या, पण ज्या देशांच्या नागरिकांना जपानमध्ये व्हिसाशिवाय जाता येतं त्यांच्यासाठीच तो आहे. भारतीय पासपोर्टवर तो प्रश्न तिथेच संपतो.

पुढचं उदाहरण स्पेनचं घेतो, कारण तिथले फ्रीलान्सरसाठीचे नियम बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेले आहेत. क्लायंटबरोबर किमान तीन महिन्यांपासून काम सुरू असलं पाहिजे. क्लायंटची कंपनी किमान वर्षभर चालू असली पाहिजे. तुमच्याकडे पदवी किंवा त्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. स्पॅनिश क्लायंटचं काम चालतं, पण एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच. क्लायंट अमेरिकेचा किंवा जर्मनीचाच हवा असं अजिबात नाही. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीचं काम स्पेनच्या नजरेत परदेशीच आहे. अनेकांच्या हे लक्षातच येत नाही आणि आपले भारतीय क्लायंट ते फाइलमधून गाळून टाकतात.

आता घणसोलीत राहणारी एक यूएक्स डिझायनर, म्हणजे अॅप आणि वेबसाइटची रचना करणारी, समजा. वर्षाची जमा ४० लाख रुपये. युरो शंभर रुपये धरला तर स्पेनची अट वर्षाला साधारण ३३ लाख. म्हणजे ती आरामात बसते. मग ती आयटीआरची, म्हणजे प्राप्तिकर रिटर्नची, पावती लावते आणि त्यावर एकूण उत्पन्न दिसतं २० लाख.

हे होतं प्राप्तिकराच्या कलम ४४एडीएमुळे. ठरावीक व्यवसायांना या कलमाखाली हिशेबाच्या वह्या न ठेवता जमा रकमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. कर वाचतो, सीए खूश, आपण खूश. पण व्हिसा अधिकाऱ्याला ४४एडीए माहीत असण्याचं काही कारण नाही. त्याला दिसतं की बाई ४० लाख कमावते म्हणतात आणि सरकारला २० सांगतात. त्यातून एक तर उत्पन्न अटीखाली जातं, नाही तर शंका येते, आणि दोन्ही वाईटच. (नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, निम्म्या नफ्याचं तत्त्व तेच आहे.)

यावर उपाय आहे, आणि तो अर्जाच्या आदल्या आठवड्यात करायचा नाही. एक पानी पावतीबरोबर संपूर्ण आयटीआर-४ लावा, कारण त्यात एकूण जमा वेगळ्या रकान्यात असते. सीएकडून यूडीआयएन (पडताळणीसाठीचा खास क्रमांक) असलेलं प्रमाणपत्र घ्या: एकूण जमा किती, खरा खर्च किती, आयटीआरमध्ये निम्मा नफा कोणत्या तरतुदीमुळे दिसतो. जीएसटी नोंदणी असेल तर रिटर्नमधली उलाढाल याच आकड्याशी जुळली पाहिजे. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, त्यामुळे आपल्या डिझायनरची नोंदणी असायलाच हवी; परदेशी क्लायंटच्या कामावर कर न भरता निर्यात दाखवण्यासाठी दर वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्रही भरलेलं हवं. आणि आकडा अगदी अटीला चिकटून असेल, तर पुढच्या वर्षी खरा नफा दाखवून जास्त कर भरायचा का, हा विचार सीएबरोबर बसून करावा. माझं मत विचाराल तर व्हिसाच्या आधीचं एक वर्ष तो कर भरलेला बरा.

दुसरी अडचण बँक स्टेटमेंटची. इनव्हॉइसवर २,४०० डॉलर आणि क्लायंटचं नाव. स्टेटमेंटवर पेमेंट कंपनीचं नाव, तिचे चार्जेस वजा झालेली रुपयांतली रक्कम, आणि तारीख पाच दिवसांनंतरची. अशा नोंदी वर्षभर साठल्या की इनव्हॉइसचा गठ्ठा आणि स्टेटमेंट यांचा एकमेकांशी संबंध आहे हे फक्त तुम्हालाच कळतं. प्रत्येक परदेशी जमेबद्दल बँक किंवा पेमेंट कंपनी एफआयआरए देते, म्हणजे पैसा कुणाकडून, कशासाठी आला याचा दाखला. त्यात पर्पज कोड, म्हणजे पैसा कोणत्या कामाचा आहे याचा क्रमांक, असतो. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी०८०२, वगैरे. हे दाखले महिन्याच्या महिन्याला उतरवून ठेवा आणि एक साधा तक्ता करा: इनव्हॉइस नंबर, क्लायंट, डॉलर, खात्यात आलेले रुपये, एफआयआरए नंबर. तक्ता फाइलमध्ये सगळ्यात वर. अधिकाऱ्याला गठ्ठा चाळावा लागला नाही, तर प्रश्नही कमी येतात.

क्लायंटचं पत्र हा नाजूक मामला आहे. परदेशातली छोटी कंपनी ‘पत्र दिलं तर तुम्ही आमचे कर्मचारी ठरणार का?’ म्हणून बिचकते. त्यांना मसुदा आपणच द्यायचा: अमुक तारखेपासून स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम सुरू आहे, कामाचं स्वरूप, फी, करार किती काळ, आणि हे काम स्पेनमध्ये राहून करायला आमची हरकत नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच बहुधा राहतं. शिवाय कंपनीच्या नोंदणीचा उतारा लागतो. अपवर्कसारख्या प्लॅटफॉर्मवरून काम असेल तर प्लॅटफॉर्मच्या प्रिंटआउटवर भिस्त ठेवू नका, जुन्या क्लायंटकडून थेट पत्र मिळवा. दहा फुटकळ क्लायंटपेक्षा भक्कम पत्र देणारे दोन-तीन पुरेत. स्वतःच्या धंद्याचा सरकारी पुरावा म्हणून उद्यम नोंदणी करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते; तिच्यासाठी दोन-तीन हजार मागणारा एजंट भेटला तर नमस्कार करून पुढे जा.

घरचे बरोबर येणार असतील तर अट वाढते. स्पेनमध्ये घरच्यांपैकी पहिल्या माणसासाठी किमान वेतनाच्या ७५ टक्के आणि पुढच्या प्रत्येकासाठी २५ टक्के. नवरा आणि एक मुलगी धरली की २,७६३ चे साधारण ४,१४४ युरो होतात. ४० लाखांची जमा इथे अपुरी पडते.

आता खास आपल्याकडचा घोळ: नाव. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव बदललेलं, आणि काही घरांत पहिलं नावसुद्धा. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण परदेशी अधिकाऱ्यासमोर पदवी एका बाईची आणि पासपोर्ट दुसरीचा असतो. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरला नोटरीकडे ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र होतं. नाव पूर्ण बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नोंदही जोडा. महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर आधी इंग्रजी प्रत मागून बघा, भाषांतराचा खर्च वाचतो.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, दोन ठिकाणी मिळतं आणि लोक नेमकं नको ते काढतात. एक राज्याच्या पोलिसांचं, जे इथल्या नोकऱ्यांसाठी चालतं. दुसरं पासपोर्ट कार्यालयाचं, ५०० रुपये फी भरून पासपोर्ट सेवा पोर्टलवरून. व्हिसासाठी सहसा हे दुसरं लागतं. पासपोर्टवर आईवडिलांचा डोंबिवलीचा पत्ता आणि राहायला घोडबंदर रोडला, अशी स्थिती असेल तर चौकशी सध्याच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यातून होणार. त्या पत्त्याचा पुरावा, भाड्याचं घर असेल तर नोंदणीकृत करार, तयार ठेवा. आधी आखातात नोकरी केली असेल तर स्पेन गेल्या दोन वर्षांत राहिलेल्या प्रत्येक देशाचं असं प्रमाणपत्र मागतं.

हे कागद परदेशात खरे मानले जावेत म्हणून त्यांच्यावर अपॉस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षांकनाचा शिक्का, लागतो. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या हेग कराराचा सदस्य आहे. आपलं परराष्ट्र मंत्रालय ते आपण नेमलेल्या एजन्सींमार्फत करून देतं. सरकारी फी कागदामागे ५० रुपये, वर एजन्सीचं सेवाशुल्क. पीसीसी केंद्र सरकारचंच असल्यामुळे थेट जातं. पदवीला आधी विद्यापीठाची पडताळणी आणि राज्य सरकारचा शिक्का, मग अपॉस्टिल. वेळ खाते ती ही पदवी, पीसीसी नव्हे. म्हणून क्रम असा ठेवा: पदवी आणि विवाह दाखला सगळ्यात आधी, कारण ते जुने होत नाहीत. पीसीसी शेवटी, कारण त्याला मुदत धरली जाते आणि ते शिळं झालं की पुन्हा काढावं लागतं. भाषांतर त्याहूनही शेवटी, कारण अपॉस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर लागतं. स्पेनला भाषांतर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाने मान्यता दिलेल्या भाषांतरकाराकडूनच हवं. त्याचे दर बघता कोणते कागद इंग्रजीत चालतात हे मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडून आधी विचारून घेतलेलं बरं.

विमा साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स चालत नाही. स्पेनमध्ये काम करायला मान्यता असलेल्या कंपनीचा, पूर्ण कालावधीचा आणि उपचाराच्या वेळी खिशातून वाटा भरावा लागत नाही असा आरोग्य विमा लागतो.

अर्ज नामंजूर झाला तर महिन्याच्या आत फेरविचाराची विनंती करता येते. पण कारण कागद अपुरा असल्याचं असेल तर वाद घालण्यापेक्षा नवा अर्ज बहुधा लवकर मार्गी लागतो.

इथवर व्हिसा. कराचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे आणि ‘नोमॅड व्हिसावर कर लागत नाही’ हे वाक्य ज्याने सांगितलं असेल त्याला देशाचं नाव विचारा. स्पेनमध्ये वर्षाला १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही तिथले कर-निवासी. फुटबॉलपटू बेकहॅमच्या नावाने ओळखली जाणारी २४ टक्के कर-दराची सवलत मुख्यतः नोकरदारांसाठी आहे. फ्रीलान्सरने ती गृहीत धरू नये. फ्रीलान्सरला तिथे स्वयंरोजगारी म्हणून नाव नोंदवून दरमहा सामाजिक सुरक्षेचा हप्ताही भरावा लागतो. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस झाले की कर-निवास लागतो, आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या कमाईवर तिथे कराचा प्रश्न येतो.

इकडे भारतात एप्रिल ते मार्च मोजायचं. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर त्या वर्षी तुम्ही इथले निवासी आणि जगभरची कमाई इथे करपात्र. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस होतात. म्हणजे गणपती उरकून सप्टेंबरमध्ये निघालेला माणूस अनिवासी ठरू शकतो आणि दिवाळी करून नोव्हेंबरमध्ये निघालेला नाही. कामधंद्यासाठी देश सोडणाऱ्याला ही १८२ दिवसांची सवलत आहे, पण मधल्या फेऱ्यांचे दिवसही मोजले जातात. पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट खूप जण चुकवतात. अनिवासी झालात तरी जी कमाई थेट भारतातल्या खात्यात येते ती भारतात ‘मिळालेली’ कमाई धरली जाते आणि इथे करपात्र असते. क्लायंटचे पैसे ठाण्याच्या जुन्या सेव्हिंग खात्यातच येत राहिले तर एनआरआय होऊन कराच्या बाजूने फार काही बदलत नाही. स्पेनमध्ये गेल्यावर तिथलं खातं उघडून क्लायंटला ते द्यायचं, आणि दोन देशांमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा लाभ घ्यायचा तर तिथल्या कर खात्याकडून निवासाचं प्रमाणपत्र काढायचं. जुनं सेव्हिंग खातंही तसंच ठेवता येत नाही. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परदेशी वास्तव्याला गेल्यावर ते एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. बँकेला आपण कळवायचं, बँक विचारायला येत नाही.

घर भाड्याने देऊन जाणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की घरमालक अनिवासी असल्यावर भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी त्याच्यावर येते. दर सेससकट साधारण ३१.२ टक्के, आणि भाडं कमी असलं तरी सुटका नाही. घोडबंदरला ४०,००० भाड्याचा टू बीएचके असेल तर महिन्याला १२,४८० रुपये सरकारजमा. हे ऐकून बरेच भाडेकरू करार सोडून देतात. तुमचं भारतातलं एकूण उत्पन्न कमी असेल तर प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठीचा अर्ज निघण्याआधीच सीएकडून तयार करून घ्या, कारण ते हातात येईपर्यंत कपात पूर्ण दरानेच होत राहते.